फक्त बोलायचं बाकी आहे?

प्रश्न : आमच्याकडे शेरू नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. घरातल्या प्रत्येकाची चप्पल तो ओळखतो. 'फिरायला' हा शब्द नुसता कानावर पडला तरी पट्टा तोंडात धरून येतो. आमचे हे कारखान्यातून यायच्या आधी पाच-दहा मिनिटं दारात जाऊन बसतो. काही फाडलं-तोडलं असेल, तर आम्ही घरात पाऊल टाकताच कान पाडून कोपऱ्यात जातो. सासूबाई म्हणतात, "त्याला सगळं कळतं, फक्त बोलायचं बाकी आहे." धाकटे दीर शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणतात, "वहिनी, ही सगळी सवय. त्यात अक्कल कुठली आली?" खरं काय समजायचं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या गोष्टींची उत्तरं वेगवेगळ्या दिशांना जातात, तेव्हा 'कळतं' किंवा 'कळत नाही' असा सरसकट निकाल न देता एकेक पाहू.

दारात जाऊन बसण्याचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. माणसाचा कान २० हजार हर्ट्झच्या आसपास थांबतो, कुत्र्याचा सुमारे ४५ हजारांपर्यंत जातो. रोजच्या गाडीचा रोजचा आवाज शेरूला गल्लीच्या तोंडाशीच कळत असणार. शिवाय ह्यांच्या यायच्या वेळेला तुम्ही चहाचं आधण ठेवत असाल, सासूबाई देवापाशी दिवा लावत असतील, उन्हं अंगणात एका ठरावीक जागी येत असतील. या साऱ्याची त्याच्याकडे नोंद असते. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात जेटी नावाचा एक टेरिअर असाच गाजला होता. मालकीण घरी यायला निघाली की तो खिडकीत जाऊन बसतो, म्हणजे त्याला तिचं मन दुरून कळतं, इथपर्यंत गोष्ट गेली. रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची परतण्याची वेळ आधी कोणालाही कळणार नाही अशा रीतीने ठरवून ते चार वेळा तपासलं आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेटी खिडकीत जात होता, पण ती निघण्याआधीही जात होता आणि रस्त्यावर काही दिसलं तरी जात होता. तुम्हालाही हे पडताळता येईल. एखाद्या दिवशी ह्यांना भलत्याच वेळी, दुसऱ्याच्या गाडीवरून, घरात कोणालाही न सांगता येऊ द्या.

कान पाडून कोपऱ्यात जाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण या एका गैरसमजापायी घरोघरी कुत्री मार खातात. 'त्याला आपली चूक कळली आहे, बघा कसा अपराधी चेहरा केलाय' असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमका हा चेहरा तपासला. चौदा पाळीव कुत्री होती. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे राहिलेल्या संशोधिकेने कधी तो खाऊ कुत्र्याला खाऊ द्यायचा, कधी उचलून टाकायचा. परत आलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. म्हणजे काही वेळा खाऊ खाल्लेल्या कुत्र्याचं कौतुक झालं आणि तोंडही न लावलेल्या कुत्र्याला बोलणी बसली. अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, तो मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. आणि सगळ्यात ठळक अपराधी चेहरा होता तो काहीही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा.

कान मागे घेणं, नजर चुकवणं, शेपूट पायात घालणं, अंग चोरणं ही लांडग्यांपासून चालत आलेली समजुतीची भाषा आहे. 'मी लहान आहे, भांडण नको' एवढंच तिचं म्हणणं. तुम्ही रागवायच्या आधीच शेरू कोपऱ्यात का जातो, असं तुम्ही विचाराल. त्याने जमिनीवरच्या फाटक्या कापडाची आणि दारात आलेल्या माणसाची सांगड घातलेली आहे: या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरात आवाज चढतो. दुपारी आपण उशी फाडली आणि म्हणून संध्याकाळी हे घडतंय, हा दुवा त्याच्यापाशी असल्याचा पुरावा नाही. मग दोन तासांनी दिलेल्या शिक्षेतून तो काय शिकतो? तुमच्या येण्याची भीती. पुढच्या वेळी तो आणखी लवकर कोपऱ्यात जातो, ते पाहून आपली खात्री आणखी पक्की होते आणि आपण आणखी जोरात ओरडतो. शेरू काही फाडत असेल तर तो किती वेळ एकटा असतो, त्याचं धावणं-हुंगणं पुरेसं होतं का, हे आधी पाहा. कुत्र्यांचं फाडणं बहुधा कंटाळ्यातून किंवा एकटं पडल्याच्या घाबरेपणातून येतं.

शब्दांच्या बाबतीत सासूबाईंना आनंद होईल अशी एक हकिगत सांगतो. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातले निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापक जॉन पिली यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आण', 'नाकाने स्पर्श कर', 'पंजा ठेव' या क्रिया आणि खेळण्याचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तिला समजत होतं. ओळखीच्या ढिगात एक अनोळखी खेळणं ठेवून कधी न ऐकलेलं नाव घेतलं, की ते नवं नाव त्या नव्या वस्तूचंच असणार असा हिशेब ती करायची. पण चेसर विरळा होती. हंगेरीतल्या बुडापेस्ट इथल्या संशोधकांनी साध्या घरगुती कुत्र्यांना तीन महिने दोनच खेळण्यांची नावं शिकवून पाहिली, तर बहुतेकांना ती जमली नाहीत. आपल्या घरचा कुत्रा वस्तूंच्या नावांपेक्षा कृतीचे शब्द, सूर आणि आपल्या अंगाची हालचाल यांवर जास्त भरवसा ठेवतो. 'फिरायला' हा शब्द तुम्ही उच्चारता तेव्हा तुमची नजरही बहुधा पट्ट्याच्या खुंटीकडे जात असेल.

आता तुमच्या दिरांकडे वळतो. त्यांच्या बोलण्यामागे जुनी परंपरा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा टेरिअर बागेच्या फाटकाची कडी डोक्याने उचलून सफाईने बाहेर पडायचा. पाहणाऱ्याला वाटे, काय विचार करतो! मॉर्गन यांनी त्याचा पहिला दिवसही पाहिलेला होता. टोनी गजांमधून जागोजागी डोकं खुपसत होता आणि कडीखाली ते योगायोगाने गेलं. मग बऱ्याच दिवसांच्या फेऱ्यांनंतर चुकीच्या जागा एकेक गळत गेल्या. साध्या क्रियेने भागत असेल तर वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये, हा मॉर्गन यांचा १८९४ मधला नियम आजही प्राणिवर्तनाच्या अभ्यासात पाळला जातो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना खटक्याच्या खोक्यांत ठेवलं तेव्हाही हेच दिसलं: सुटकेला लागणारा वेळ हळूहळू उतरत गेला, 'अरेच्चा, असं आहे होय' म्हणावा असा क्षण काही आला नाही.

तरीही 'त्यात अक्कल कुठली' हे मला मान्य नाही. बुडापेस्टच्याच आडाम मिक्लोशी यांनी माणसाच्या हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्री यांना एकच काम दिलं: दोरी ओढून मांसाचा तुकडा मिळवायचा. दोघांनाही ते आलं. मग त्यांनी दोरी गुपचूप बांधून टाकली. लांडगे ओढतच राहिले. कुत्र्यांनी थोड्या वेळाने ओढणं सोडलं आणि मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. अडलं की माणसाकडे वळायचं, ही कुत्र्याची स्वतःची बुद्धी आहे आणि ती चौदा हजारांहून अधिक वर्षांच्या सहवासात घडलेली आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये त्या काळातल्या माणसांच्या सोबत पुरलेला कुत्रा सापडला. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून पुढे असं अनुमान निघालं, की पिल्लू असताना तो दीर्घ आजारातून गेला होता आणि कोणीतरी निगा राखल्याशिवाय वाचला नसता.

तुमच्या शेरूसाठी याहून जवळचा पुरावा कोलकात्याचा आहे. तिथल्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कधीही न शिकवलेल्या या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. बरीच कुत्री भीतीने जवळच आली नाहीत, कारण माणसाचा हात त्यांनी दगडासकट पाहिलेला असतो. पण जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. आपला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणून मिरवणारा चिंपांझी बोटाच्या या परीक्षेत कुत्र्याच्या मागे पडतो. तेव्हा दिरांना सांगा, की सवय तर आहेच, पण कोणाचं काय वाचून सवय लावून घ्यायची ही निवड शेरूची आहे.

प्रश्न : आमचा बोका मन्या फार डूख धरतो. आम्ही लग्नाला चार दिवस गावी गेलो, शेजारच्या काकू त्याला खायला घालत होत्या. परत आलो तर त्याने माझ्याच गादीवर लघवी केली, तीही दोनदा. एरवी नावाने हाक मारली तर ढुंकून बघत नाही. मांजराला माया नसते, फक्त स्वार्थ असतो, हे खरं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी मन्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, मग पुढचं वाचा. घरातली माणसं अचानक नाहीशी होणं हा मांजराला मोठा ताण असतो आणि ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं त्यांच्यात बरंच आढळतं. लघवीला जळजळ झाली की मांजर आपली नेहमीची जागा सोडतं आणि मऊ जागा शोधतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो पुन्हापुन्हा बसून कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल किंवा ओरडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

सूड घ्यायचा तर गेलेल्या माणसाने आपलं काय वाईट केलं, त्याला आता काय वाईट वाटेल आणि ते कशाने वाटेल, अशी लांबलचक साखळी डोक्यात धरावी लागते. मांजराला ती जमते असं कोणी दाखवलेलं नाही. शिवाय लघवीची घाण वाटणं हे माणसाचं. मांजराच्या जगात तो आपल्या असण्याचा निरोप असतो. तुमची गादी घरातली तुमच्या वासाने सर्वांत भरलेली जागा आहे, म्हणून अस्वस्थ मांजर तिथे आपला वास मिसळतं, असं अनेक वर्तनतज्ज्ञ मानतात. तसं असेल तर ज्याला तुम्ही डूख म्हणता, तो तुम्हाला शोधण्याचा प्रकार ठरतो. औषधोपचाराबरोबर त्याच्या लघवी-शीसाठी माती घातलेली दोन भांडी वेगवेगळ्या शांत जागी ठेवा आणि ती रोज साफ करा.

हाकेचं म्हणाल तर मन्या ऐकतो. जपानच्या आत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये मांजरांना आधी नावासारख्याच लांबीचे चार शब्द ऐकवले. मांजरं कंटाळून दुर्लक्ष करू लागली, मग पाचवं त्यांचं स्वतःचं नाव घेतलं. कान वळले, डोकं हललं. परक्या माणसाच्या आवाजातही ते झालं. पण उठून कोणी क्वचितच आलं. त्यात मला तुसडेपणा दिसत नाही. कुत्र्याच्या पूर्वजांमधून मेंढ्या वळणारे, राखण करणारे, हुकूम ऐकणारे असे माणसाने पिढ्यानुपिढ्या निवडले. मांजर धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे आपल्या पायांनी माणसाजवळ आलं. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. एवढ्या काळात त्याला हाकेला ओ द्यायला कोणी शिकवलं नाही, कारण त्याचं काम हाकेशिवाय चालत होतं.

आणि माया? अमेरिकेत ऑरेगॉन इथे क्रिस्टिन व्हिटाली यांनी तान्ह्या मुलांसाठी वापरतात तीच कसोटी मांजराच्या पिल्लांना लावली. अनोळखी खोलीत मालकासोबत थोडा वेळ, मग एकटं, मग मालक परत. सुमारे ६५ टक्के पिल्लं मालक दिसताच निवांत झाली, त्याला घासून पुन्हा खोली धुंडाळू लागली. माणसांच्या मुलांत हे प्रमाण जवळपास तेवढंच निघतं. मोठी मांजरं एकमेकांशी 'म्याँव' फारसं बोलत नाहीत. ते पिल्लाचं आईशी बोलणं असतं आणि मोठेपणी ती ते आपल्यासाठी राखून ठेवतात. शेपूट ताठ उभी करून पायांत घोटाळणं हेही पिल्लाचं आईपाशी जाणं. ब्रिटनच्या कॅरन मॅकोंब यांनी २००९ मध्ये दाखवलं, की खायला मागतानाच्या गुरगुरीत काही मांजरं एक उंच स्वर मिसळतात, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. आपल्याला बसवत नाही, आपण उठतो. मन्याने तुम्हाला किती नीट ओळखलंय ते यावरून पाहा.

प्रश्न : दुसऱ्या कुत्र्याला बिस्किट दिलं की आमची राणी रुसून बसते. कुत्र्याला हेवा वाटतो का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : वाटणीतली उणीव तिला कळते, पण आपल्याएवढी बारकाईने नाही. व्हिएन्नात फ्रिडेरिके रांगे यांनी २००८ मध्ये दोन-दोन कुत्री शेजारी बसवून पंजा मागितला. एकाला पंज्याबद्दल पाव मिळाला आणि दुसऱ्याला काहीच नाही, तेव्हा उपाशी राहिलेल्याने थोड्याच वेळात पंजा देणं बंद केलं. एकट्याने काही न मिळता पंजा द्यायचा असता, तर तो त्याहून जास्त वेळ देत राहायचा. मात्र एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिलं, तर पाववाला तक्रार करत नव्हता. राणीलाही काहीतरी द्या, छोटा तुकडा चालेल.

प्रश्न : शेजारच्या पोपटाला दार वाजलं की 'कोण आहे?' म्हणता येतं आणि मालक बाहेर निघाले की तो 'लवकर या' म्हणतो. पोपट अर्थ समजून बोलतो की नुसती पोपटपंची?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोपटाला आवाजाची आणि प्रसंगाची जोडी पक्की कळते. दार वाजल्यावर कोणता आवाज काढायचा हे त्याने बिनचूक हेरलंय. कोण आलंय हे जाणून घ्यायची इच्छा त्यामागे असेलच असं नाही.

पण जिवापाड मेहनत घेतली तर पोपट कुठवर जातो, हे ॲलेक्सने दाखवलं. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून हा आफ्रिकन राखी पोपट घेतला. शिकवण्याची रीत अशी: दोन माणसं ॲलेक्ससमोर बसायची, एक विचारणार आणि दुसरा शिकाऊ. बरोबर नाव घेतलं तर वस्तू मिळायची, चुकलं तर मिळायची नाही. ॲलेक्स ही स्पर्धा पाहत बसायचा आणि मध्ये पडायचा. शंभरावर शब्द, रंग, आकार आणि सहापर्यंतची संख्या त्याला येत होती. ताटातल्या दोन वस्तूंत 'वेगळं काय?' विचारलं तर 'रंग' किंवा 'आकार' असं तो सांगायचा आणि काहीच वेगळं नसेल तर 'काही नाही'. रंगीत वस्तूंच्या गर्दीत 'हिरवे ठोकळे किती?' याचं उत्तर द्यायला रंग, वस्तू आणि संख्या तिन्ही एकाच वेळी डोक्यात लागतात. ते त्याने अक्रोडाएवढ्या मेंदूत केलं. २००७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी तो गेला.

ही देणगी पोपटाला माणसाची करमणूक करायला मिळालेली नाही. ऐकून नवा आवाज शिकण्याची क्षमता प्राणिसृष्टीत फार थोड्यांकडे आहे, माकडांकडेही ती नाही म्हणावी इतकी कमी. पोपटाला ती थव्यात राहण्यासाठी लागते. कार्ल बर्ग यांनी व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या हिरव्या पोपटांच्या घरट्यांत कॅमेरे लावले. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की आई-बाप प्रत्येक पिल्लासाठी एक खास हाक वापरतात, पिल्लू ती उचलतं, थोडी बदलतं आणि पुढे आयुष्यभर तीच त्याची ओळख होते. पोपट एकमेकांना नावाने हाका मारतात, असं म्हणायला हरकत नाही.

मग शेजारचा पोपट 'लवकर या' का म्हणतो, याचा विचार करा. त्याला थवा नाही. त्याच्या हाकेला त्याच्या बोलीत ओ देणारं कोणी नाही. जो एकमेव सोबती आहे तो रोज दाराबाहेर जातो, आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी पोपटाने त्याचीच भाषा उचलली आहे. एकटा पिंजऱ्यात ठेवलेला पोपट पुढे आपलीच पिसं उपटू लागतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी बाजारात पिल्लं येतात आणि घरोघरी 'मिठू' टांगला जातो. याचा मला मनापासून राग येतो. फक्त दार उघडून त्याला सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला ना नीट उडता येत, ना खाणं शोधता येत. वनविभागाशी बोला, तिथून तो जाणत्या माणसांच्या हाती जाईल.

प्रश्न : मोबाइलवर कुत्री जमिनीवरची बटणं दाबून 'बाहेर', 'आई', 'दुखतंय' असं बोलताना दिसतात. हे खरं की बनावट?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : कुत्रा खरंच बटण दाबतो. त्यापुढचं किती खरं, याचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले फेदेरिको रोसानो पद्धतशीर अभ्यास करत आहेत. त्यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की बटणं शिकलेली कुत्री 'खेळ' आणि 'बाहेर' या शब्दांना योग्य प्रतिसाद देतात, मग शब्द माणसाने उच्चारला असो की बटणातून आलेला असो. म्हणजे कुत्रा शब्दाचा आवाज पकडतो, फक्त माणसाच्या चेहऱ्यावर विसंबत नाही. तिथून 'काल मला वाईट वाटलं' इथपर्यंत मात्र फार मोठा पल्ला आहे. चित्रफितीत आपल्याला शंभरातली जुळलेली एखादी वेळ दिसते आणि न जुळलेल्या वेळा कापल्या जातात. दाबलेल्या तीन बटणांमधून वाक्य लावणारा तर माणूसच असतो.

इथे बर्लिनचा हान्स आठवतो. निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हा घोडा १९०४ च्या सुमाराला खूर आपटून बेरजा-भागाकार सोडवायचा. तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ओस्कार फुंग्स्ट यांनी असा प्रश्नकर्ता उभा केला ज्यालाच उत्तर ठाऊक नव्हतं. घोडा आपटतच राहिला. योग्य आकडा आला की प्रश्नकर्त्याची मान केसभर वर जायची आणि त्या हालचालीवर हान्स थांबायचा. हे उमगल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची मान रोखता येईना.

आपल्या दारात येणाऱ्या नंदीबैलाला 'यंदा पाऊस पडेल का?' विचारलं की गुबुगुबु वाजतं आणि बैल मान डोलावतो. तिथे इशारा जाणून-बुजून दिलेला असतो. हान्सने मात्र माणसाला स्वतःला माहीत नसलेला इशारा वाचला. मला तर यात गणिताहून मोठी करामत वाटते. त्या वेळी लोक 'घोडा अडाणी निघाला' म्हणून निराश झाले, हे मला पटत नाही.

प्रश्न : कुत्रा हुशार की मांजर? आणि कुत्र्याला दोन वर्षांच्या मुलाएवढी बुद्धी असते म्हणतात, ते बरोबर आहे?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशी मोजल्या, तर कुत्र्यात सुमारे ५३ कोटी, मांजरात २५ कोटी आणि माणसात १६०० कोटी, असं सुझाना हर्क्युलानो-हूजेल यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडलं. पण मोजलेले मेंदू अगदी मोजके होते, आणि पेशींची संख्या म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. दोन वर्षांच्या मुलाची उपमा शब्दांच्या साठ्यापुरती ठीक. दोन वर्षांचं मूल रहदारीचा रस्ता ओलांडू शकत नाही, की मागच्या रात्री या गल्लीतून कोण गेलं हे वासावरून सांगू शकत नाही. तुमच्या चौकातली कुत्री दोन्ही रोज करतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमचा टिपू हुशार आहे का, हे मला घरी कसं तपासता येईल?
(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : छान विचारलंस. भद्रा यांच्या विद्यार्थ्यांसारखाच प्रयोग तू कर. दोन सारख्या वाट्या घे. दोन्ही वाट्यांना आतून आधी खाऊ चोळ, नाहीतर टिपू नाकाने उत्तर काढेल आणि तुला वाटेल त्याने तुझं बोट पाहिलं. टिपू दुसऱ्या खोलीत असताना एकीत चपातीचा तुकडा ठेव आणि दोन्ही झाक. कुठल्या वाटीत ठेवायचा ते तू ठरवू नकोस, नाणं उडव. मग वाट्यांच्या मधोमध, पण दोन पावलं मागे उभी राहा. आईला किंवा दादाला टिपूला समोरून सोडायला सांग आणि त्याच क्षणी खाऊच्या वाटीकडे बोट दाखवून हात खाली घे. तोंडाने काही बोलायचं नाही. ज्याने टिपूला धरलंय त्याला खाऊ कुठे आहे हे माहीत नसावं. ते का, हे हान्सची गोष्ट वाचून तुझं तूच सांगशील.

असं एका दिवशी दहा वेळाच कर, जास्त केलंस तर तो कंटाळेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा. वीसपैकी पंधरा किंवा जास्त वेळा तो तुझ्या बोटाबरोबर गेला, तर तो नुसता योगायोग असण्याची शक्यता फार कमी. दहा-अकरा वेळाच गेला, तर टिपू 'ढ' ठरत नाही. कदाचित त्याला बोटापेक्षा तुझी नजर जास्त कळत असेल. तेव्हा पुढच्या फेरीत हात न हलवता नुसतं वाटीकडे बघ. प्रत्येक वेळी डावी की उजवी, गेला की नाही, हे तिथल्या तिथे वहीत लिही, कारण नंतर आठवून लिहिलं की मन आपल्याला हवं तसं आठवतं. पूर्ण झालं की ते पान आमच्याकडे पाठव. सोबत टिपूचं वय लिही आणि तो पिल्लू असल्यापासून तुमच्याकडे आहे की रस्त्यावरून आलेला, हेही कळव.